रात्रीच्या लांबच्या विमानप्रवासासाठी इकॉनॉमीतली सीट कशी निवडावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इकॉनॉमीत दहा-बारा तास बसायचं आणि त्यातच रात्र काढायची, हे कुणासाठीच सोपं नसतं. तरी एकाच विमानात, सारखंच भाडं भरलेल्या दोघांपैकी एकजण चार-पाच तास झोपून उतरतो आणि दुसऱ्याचा डोळाही लागत नाही. यात सीटचा वाटा मोठा असतो. खालची उत्तरं रात्रीच्या, लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी आहेत. दिवसाच्या दोन तासांच्या उड्डाणाला यातलं बरंचसं लागू होणार नाही.

सीट निवडताना सगळ्यात आधी काय बघावं?

रात्रीतून तुम्हाला कोण आणि किती वेळा उठवणार, ते आधी बघा.

बहुतेकजण लेगरूमपासून सुरुवात करतात. पाय लांब करता येणं महत्त्वाचं आहेच, पण नुसत्या दोन इंचांनी झोप लागत नाही. शेजाऱ्याने टॉयलेटला जाण्यासाठी तीनदा हलवून उठवलं, ट्रॉली कोपरावर आदळली, डोक्यामागे दार उघडत-मिटत राहिलं, की लागलेली झोप मात्र नक्की मोडते. म्हणून सीट मॅप उघडला की मी आधी चार गोष्टी तपासायला सांगते. मला ओलांडून कोण जाणार? जवळ उजेड आणि वर्दळ कुठे आहे? डोकं टेकवायला काही आहे का? खांद्यांना जागा किती आहे? लेगरूमचा विचार त्यानंतर. उंची सहा फुटांच्या पुढे असेल तरच हा क्रम बदलावा.

खिडकी की आइल (चालायच्या वाटेलगतची सीट)?

झोपच हवी असेल तर खिडकी. टेकायला भिंत असते, तुम्हाला ओलांडून कुणी जात नाही, ट्रॉली लागत नाही आणि खिडकीची झडप तुमच्या हातात असते. आइलच्या सीटवर डोकं एका बाजूला कललं की ते मोकळ्या वाटेत जातं आणि येणाजाणाऱ्यांचे धक्के बसतात.

मात्र खिडकीत बसायचं तर चार-पाच तास न उठता बसता यायला हवं. ज्यांना रात्री दोनदा उठावं लागतं, ज्यांचे पाय आखडतात, ज्यांना मध्ये कोंडल्यासारखं वाटतं, त्यांनी खिडकी घेऊ नये. झोपलेल्या दोन अनोळखी माणसांना उठवायचा संकोच वाटून बरेचजण पाणीच कमी पितात, आणि विमानाच्या कोरड्या हवेत ते चांगलं नाही. उठावं लागणारच असेल तर आइलची सीट घेऊन निर्धास्त असलेलं बरं.

खिडकीच्या सीटबद्दल आणखी दोन गोष्टी. विमानाची भिंत बाहेरच्या थंडीने गार पडते, म्हणून त्या बाजूच्या खांद्यावर शाल किंवा जाकीट ठेवावं. दुसरं म्हणजे, सीटच्या प्रत्येक रांगेला नेमकी खिडकी मिळतेच असं नाही. सीटच्या रांगांमधलं अंतर विमान कंपनी ठरवते, खिडक्यांमधलं अंतर विमान बनवणारी कंपनी. त्यामुळे काही ‘विंडो सीट’शेजारी कोरी भिंत येते. डोकं टेकवून झोपायला ती उलट छान असते, बाहेर बघायची आवड असणाऱ्याची मात्र निराशा होते.

आइलच घ्यायची ठरली, तर कुठली?

मधल्या भागातली. हा मुद्दा फार कमी लोक लक्षात घेतात, म्हणून सविस्तर सांगते.

समजा विमानात ३-४-३ अशी रचना आहे, म्हणजे डावीकडे तीन सीट, मध्ये चार, उजवीकडे तीन. डावीकडच्या तिघांत आइलला बसलात, तर खिडकीतला आणि मधला, असे दोघेही तुम्हालाच उठवून बाहेर पडणार. त्यांना दुसरी वाटच नाही. मधल्या चारांच्या गटात आइलला बसलात, तर फक्त तुमच्या लगतचा एकजण तुमच्या बाजूने निघेल. त्याच्या पलीकडचा दुसऱ्या आइलने जाईल. म्हणजे उठवणारे दोनाऐवजी एक झाले.

३-३-३ रचनेत मधल्या तिघांचा गट आणखी सोयीचा. मध्ये बसलेल्या एकट्या माणसाला दोन्ही बाजूंनी वाटा असतात. तुम्ही गाढ झोपलेले दिसलात तर तो बहुधा दुसरीकडून जाईल. ती मधली सीट रिकामी राहण्याची शक्यताही बरी असते, कारण एकट्या प्रवाशाला ती कधीच नको असते. आणि २-४-२ रचनेत कडेच्या जोडीत आइलला बसलं तरी उठवणारा एकच.

आइल कुठली, हे सीटच्या अक्षरावरूनही ओळखता येतं. ए आणि के या बहुधा खिडकीच्या सीट. सी, डी, जी आणि एच या बहुधा आइलच्या. आय हे अक्षर १ या आकड्यासारखं दिसतं म्हणून सहसा वापरत नाहीत. मात्र नऊ सीटच्या रांगेत अक्षरं कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे मॅपवर बघून खात्री करावी.

विमान कुठलं आहे याने खरंच फरक पडतो का?

खूप पडतो. कंपनीच्या नावापेक्षाही जास्त पडतो, असं माझं ठाम मत आहे.

कारण खांद्यांच्या रुंदीत आहे. बहुतेक पुरुषांचे आणि बऱ्याच बायकांचे खांदे इकॉनॉमीच्या सीटपेक्षा रुंद असतात. सीट अरुंद असेल तर रात्रभर शेजाऱ्याशी खांदा घासत राहतो. जागेपणी ते चालवून घेता येतं, झोपेत नाही. १७ इंच आणि १८ इंच हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण दहा तास बसल्यावर तो प्रत्येक स्नायूला कळतो.

बोइंग ७७७ हे विमान १९९५ मध्ये सेवेत आलं तेव्हा इकॉनॉमीच्या एका रांगेत नऊ सीट ही नेहमीची रचना होती. पुढे बहुतेक कंपन्यांनी त्याच रुंदीत दहावी सीट बसवली. आज ७७७ मध्ये ३-४-३ सर्रास दिसतं आणि सीट जेमतेम १७ इंचांची असते. बोइंग ७८७ चंही तसंच झालं. त्यात आठ सीटही आरामात बसतात, पण जवळपास सगळ्यांनी ३-३-३ अशा नऊ बसवल्या आणि रुंदी पुन्हा १७ इंचांच्या आसपास आली. जपान एअरलाइन्सने आंतरराष्ट्रीय मार्गांवरच्या ७८७ मध्ये २-४-२ रचना ठेवली आहे. ज्यांना खांद्यांची अडचण होते त्यांनी असे अपवाद शोधणं सार्थकी लागतं.

एअरबसच्या ए३५० मध्ये ३-३-३ रचनेत साधारण १८ इंच मिळतात, ए३३० मध्ये २-४-२ रचनेतही जवळपास तेवढेच. ए३८० चा खालचा मजला ३-४-३ असला तरी विमानच रुंद असल्याने सीट ७७७ पेक्षा ऐसपैस असते. वरचा मजला २-४-२ चा. तिथे खिडकीच्या सीटशेजारी भिंतीलगत झाकणाची पेटी असते, तिच्यात पिशवी ठेवता येते. संधी मिळाली तर वरचा मजला घ्यावाच. पण नुसतं विमानाचं नाव बघूनही भागत नाही. काही स्वस्त सेवा देणाऱ्या कंपन्यांनी ए३३० मध्ये नऊ आणि ए३५० मध्ये दहा सीट एका रांगेत बसवल्या आहेत. म्हणून रांगेतल्या सीट स्वतः मोजाव्यात.

रुंदीखेरीज हवेचाही फरक असतो. उड्डाणात केबिनमधला दाब समुद्रसपाटीइतका नसतो. नियमानुसार तो ८,००० फूट उंचीवरच्या दाबापेक्षा कमी होऊ देत नाहीत. ७८७ आणि ए३५० मध्ये तो साधारण ६,००० फुटांच्या पातळीवर राखता येतो आणि हवाही थोडी कमी कोरडी असते. सकाळी उतरताना डोकं कमी जड वाटतं, असा बऱ्याच प्रवाशांचा अनुभव आहे. ७८७ च्या खिडक्यांना मात्र बहुतेक ठिकाणी झडप नसते. बटणाने काच गडद होते. पूर्ण काळोख होईलच असं नाही, म्हणून डोळ्यांवरची पट्टी जवळ असू द्यावी.

विमानाची नेमकी रचना आधी कशी कळणार?

तिकीट काढताना उड्डाणाच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. पण एकाच कंपनीकडे एकाच प्रकारच्या विमानांच्या दोन-तीन रचना असू शकतात. म्हणून कंपनीच्या साइटवर त्या तारखेचा, त्याच उड्डाणाचा सीट मॅप उघडावा आणि रांगा कुठे सुरू होतात, कुठे संपतात, हे जुळवून बघावं. एअरोलोपासारख्या साइटवर प्रमाणात काढलेले आराखडे मिळतात. त्यांत खिडक्या, दारं, टॉयलेट आणि पँट्री कुठे आहेत ते स्पष्ट दिसतं. कंपनीच्या मॅपवर हे बहुधा ढोबळ असतं.

ऐनवेळी विमान बदलू शकतं, आणि विमान बदललं की सीटही बदलतात. निघायच्या आधी आठवडाभर आणि पुन्हा आदल्या दिवशी आपली सीट तपासावी. सीटचे वेगळे पैसे भरले असतील तर पावती जपून ठेवा. कंपनीनेच तुम्हाला त्या प्रकारच्या सीटवरून हलवलं तर बहुतेकांच्या अटींप्रमाणे ते पैसे परत मिळतात, पण ते सहसा मागावे लागतात.

सीट पिच म्हणजे काय? ३१ इंच पुरेसं आहे का?

तुमच्या सीटवरचा एक बिंदू आणि पुढच्या सीटवरचा तोच बिंदू, यांतलं अंतर म्हणजे पिच. लांब पल्ल्याच्या इकॉनॉमीत ते बहुधा ३१ ते ३२ इंच असतं, काही ठिकाणी ३० किंवा ३३-३४. ही सगळी जागा गुडघ्यांना मिळत नाही, कारण पाठीची जाडीही त्यातच धरलेली असते. पातळ पाठीच्या नव्या सीटमध्ये ३१ इंचांतही जुन्या जाड सीटच्या ३२ इंचांइतकी जागा मिळू शकते. मात्र पातळ सीटची गादी कडक असते आणि सात-आठ तासांनी माकडहाड बोलायला लागतं. घडी केलेलं ब्लँकेट खाली घेतल्याने बराच आराम पडतो.

पाच फूट आठ इंचांपर्यंत उंची असलेल्यांनी पिचची फार काळजी करू नये. त्यापेक्षा पायांपाशी धातूची पेटी आहे का, ते बघावं. स्क्रीनची यंत्रणा काही विमानांत पुढच्या सीटखाली बसवलेली असते आणि एका पायाची जागा तीच खाऊन टाकते.

इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेसाठी जास्तीचे पैसे द्यावेत का?

तुम्ही खूप उंच असाल, किंवा विमानात झोप लागतच नाही असा तुमचा अनुभव असेल, तर द्यावेत. झोपेसाठी म्हणून मी ही सीट सुचवणार नाही.

समोर सीट नसते, त्यामुळे ट्रे आणि स्क्रीन आर्मरेस्टमध्ये असतात. आर्मरेस्ट मग भरीव आणि पक्का असतो, वर होत नाही, आणि बसायची रुंदी थोडी कमी होते. शेजारची सीट रिकामी राहिली तरी तिच्यावर आडवं होता येत नाही. टेक-ऑफ आणि लँडिंगच्या वेळी पायाशी काहीच ठेवू देत नाहीत, पिशवी वरच्या कप्प्यात जाते. दाराजवळ फरशी गार असते आणि पावलं गारठतात. खिडकीकडची सीट असेल तर दाराचा फुगलेला भाग एका पायाच्या आड येऊ शकतो.

रात्रीच्या दृष्टीने सगळ्यात त्रासाची गोष्ट मॅपवर दिसतच नाही. तुमच्यासमोरची ती मोकळी जागा फक्त तुमची नसते. लोक पाय मोकळे करायला तिथेच येऊन उभे राहतात, टॉयलेटची रांग तिथेच लागते, गप्पाही तिथेच होतात. बऱ्याचदा पँट्री आणि टॉयलेट त्या दारालाच लागून असतात.

शिवाय अटी असतात. आणीबाणीत मदत करता येईल अशी शारीरिक क्षमता हवी, क्रूच्या सूचना समजायला हव्यात, लहान मूल सोबत नको. वयाची मर्यादा देशाप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे बदलते. अमेरिकेच्या नियमात १५ वर्षांखालच्यांना ही सीट देत नाहीत. अटीत न बसणाऱ्याला क्रू दुसरीकडे बसवतो, आणि तेव्हा उरलेल्यातली सीट घ्यावी लागते.

पैसे भरायचेच असतील तर नेहमीच्या रांगांमध्ये जास्त अंतर असलेला जो भाग काही कंपन्या विकतात, तो मला अधिक पटतो. तिथे ट्रे समोर असतो, आर्मरेस्ट वर होतो, पिशवी पायाशी राहते आणि समोर गर्दी जमत नाही.

बल्कहेड, म्हणजे आडव्या भिंतीमागची पहिली रांग, कशी असते?

तुमच्यावर कुणी सीट मागे करत नाही, हा मोठा फायदा. पण समोर भिंत असल्यामुळे पाय पुढच्या सीटखाली सरकवता येत नाहीत, त्यामुळे उंच माणसाला ती नेहमीच्या सीटपेक्षाही आखूड वाटू शकते. आर्मरेस्टची अडचण इथेही आहे. आणि बाळांचे पाळणे याच भिंतीला अडकवतात. रात्री बाळ रडणं स्वाभाविक आहे. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी मॅपवर पाळण्याचं चिन्ह दिसलं की पाच-सहा रांगा लांब जावं.

सोबत तान्हं बाळ आहे. मग?

मग बल्कहेड तुमच्यासाठीच आहे. पाळणा तिकीट काढल्यावर लगेच कंपनीला कळवून मागावा, कारण तो मोजक्याच रांगांना लागतो. वजनाची आणि लांबीची मर्यादा कंपनीप्रमाणे वेगळी असते. आपलं बाळ प्रवासाच्या दिवशी केवढं असेल ते धरून विचारा. विमान हादरायला लागून सीटच्या पट्ट्याची (सीटबेल्टची) खूण लागली की बाळाला पाळण्यातून उचलून घ्यावं लागतं, झोपलेलं असलं तरी. म्हणून पंखांजवळची, कमी हादऱ्यांची बल्कहेड मिळत असेल तर ती आधी बघा.

हादरे आणि आवाज कुठे कमी असतात?

हादरे पंखांजवळ सगळ्यात कमी, शेपटीकडे सगळ्यात जास्त. विमानाचा गुरुत्वमध्य पंखांपाशी असतो आणि टोकं त्याच्याभोवती वरखाली होतात. इंजिनाचा आवाज मात्र पंखांच्या पुढे कमी आणि मागे जास्त. दोन्ही हवं असेल तर पंखांच्या पुढच्या कडेजवळच्या, म्हणजे इकॉनॉमीच्या पुढच्या भागातल्या रांगा घ्याव्यात.

काही विमानांत बिझनेस किंवा प्रीमियम इकॉनॉमीच्या लगेच मागे इकॉनॉमीचा एक छोटा वेगळा भाग असतो, आठ-दहा रांगांचा. माझी पहिली पसंती नेहमी तोच. माणसं कमी, वर्दळ कमी, आणि जेवणही बहुधा लवकर मिळतं. रात्री त्याला फार महत्त्व आहे. मागच्या रांगेत ट्रे उचलला जाईपर्यंत पुढचे लोक पाऊण तास झोपलेले असतात.

टॉयलेट आणि पँट्रीपासून किती लांब बसावं?

निदान चार-पाच रांगा. टॉयलेटच्या दाराचा आवाज, फ्लशचा जोरदार सूं-सूं, दार उघडलं की डोळ्यांवर येणारा पांढरा उजेड, आणि तुमच्याच सीटच्या पाठीला धरून उभी असलेली रांग, हे सगळं रात्रभर चालू असतं. पँट्रीत क्रूचं काम कधी थांबत नाही. पडदा ओढलेला असला तरी त्याच्या फटीतून दिवा दिसतो. टॉयलेटसमोरच्या आइलच्या सीटपेक्षा मी तिथून सात रांगा लांबची मधली सीटसुद्धा घेईन.

शेवटची रांग टाळावी का?

शेवटची, हो. पाठीमागे भिंत असेल तर सीट पुरती मागे होत नाही आणि टॉयलेट बहुधा तिथेच असतं.

पण तिच्या पुढच्या काही रांगा वेगळ्या असतात, त्या नीट बघा. शेपटीकडे विमान निमुळतं होत जातं आणि कडेच्या तीन सीटऐवजी दोनच बसतात. ३-४-३ च्या बऱ्याच ७७७ मध्ये मागे २-४-२ अशा दोन-तीन रांगा असतात. खिडकीची सीट आणि भिंत यांच्यात वीतभर जागा सुटते, तिथे पिशवी, उशी, ब्लँकेट मावतं. जोडीने जाणाऱ्यांना तिसरा शेजारी नसणं ही रात्रीसाठी मोठी सोय आहे. हादरे आणि आवाज जास्त, उतरायला उशीर, हे धरूनही दोघांसाठी मी या रांगा सुचवते. फक्त बऱ्याच कंपन्या आता या जोड्या जास्त पैशांत विकतात.

आम्ही दोघं आहोत. तिघांच्या रांगेत खिडकी आणि आइल घेऊन मधली सोडली तर?

विमान अर्धं रिकामं असेल तर ही युक्ती चालते, आणि मागच्या निम्म्या भागात जास्त चालते, कारण तिथल्या मधल्या सीट शेवटी भरतात. विमान भरलं तर मध्ये येणाऱ्या प्रवाशाला दोहोंपैकी एक सीट द्यायची. तो आनंदाने घेतो. पण त्याच्या डोक्यावरून रात्रभर गप्पा मारणं आणि डबे देणं-घेणं बरोबर नाही. विमान भरलेलं असणार हे आधीच माहीत असेल तर सरळ शेजारशेजारच्या सीट घ्या.

तिघं असाल तर कडेची पूर्ण रांग घ्या: ज्याला झोप हवी तो खिडकीत, ज्याला उठावं लागतं तो आइलला, आणि बाकीच्यांनी खांद्यावर डोकं ठेवलेलं ज्याला चालतं तो मध्ये. चौघांना मधला चारांचा गट सोयीचा.

पायांना सूज येते, गुठळी व्हायची भीती वाटते. कुठली सीट घ्यावी?

आइलची, आणि ती वापरायची. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तास किंवा त्याहून जास्त वेळ बसून केलेल्या प्रवासानंतर शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात तो तरीही कमीच असतो, सुमारे ६,००० मागे एक. हे विमानाइतकंच बस, रेल्वे आणि मोटारीलाही लागू आहे, कारण खरं कारण हालचाल न करता बसून राहणं हे आहे. खिडकीत बसणारा कमी उठतो, म्हणून डॉक्टर धोका जास्त असलेल्यांना आइल सुचवतात.

आधी कधी गुठळी झाली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, गरोदरपण असेल, कर्करोगाचे उपचार किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर प्रवासाआधी डॉक्टरांशी बोला. गुडघ्यापर्यंतच्या घट्ट मोज्यांचा उपयोग होतो, पण मापाचे हवेत. झोपेची गोळी घेऊन खिडकीत सहा तास एकाच अवस्थेत पडून राहणं टाळा. बसल्या जागी घोटे वरखाली करत राहणं अगदी साधं आहे, जाग येईल तेव्हा दरवेळी करावं.

सीट मॅपवर रिकाम्या दिसतात त्या सीट खरंच रिकाम्या असतात का?

नाही. अनेकांना सीट दिलेलीच नसते, ती चेक-इनला मिळते. उलट भरलेल्या दिसणाऱ्या काही सीट कंपनीने राखून ठेवलेल्या असतात: बाळ असलेल्यांसाठी, नेहमीच्या प्रवाशांसाठी, विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांसाठी. त्यांतल्या काही शेवटच्या एक-दोन दिवसांत खुल्या होतात.

जास्तीचे पैसे न भरता चांगली सीट मिळवायची तर?

ऑनलाइन चेक-इन बहुधा २४ तास आधी सुरू होतं, काही कंपन्यांचं ४८ तास. सुरू होताक्षणी हातात फोन असू द्या. पुढे मॅप पुन्हा पुन्हा उघडून बघा, कारण कुणाला वरचा वर्ग मिळतो, कुणाचं तिकीट बदलतं, आणि चांगली सीट अचानक मोकळी होते. विमानतळावर काउंटरवर शांतपणे विचारा, “मधली सीट रिकामी असेल अशी एखादी रांग आहे का?” नेमकं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं.

स्वस्तातल्या भाड्यात सीट निवडता येत नसेल तर हिशोब मांडा. त्याच्या पुढच्या भाड्यात सीट आणि सामान दोन्ही मिळत असेल, तर वेगळे पैसे भरण्यापेक्षा ते परवडू शकतं.

विमानात बसल्यावर रिकामी सीट दिसली तर जाऊन बसावं का?

दारं बंद होईपर्यंत थांबा आणि क्रूला विचारा. विमानाच्या वजनाचा समतोल आधी मोजलेला असतो, म्हणून टेक-ऑफपूर्वी मनाने हलू नये. पट्ट्याची खूण गेल्यावर बहुधा आनंदाने हो म्हणतात, मात्र पैसे घेऊन विकलेल्या रांगांत बसू देत नाहीत.

सीट मागे करणं चुकीचं आहे का?

रात्रीच्या प्रवासात नाही. त्यासाठीच ती मागे होते. जेवण चालू असताना मात्र सरळ ठेवा, आणि मागे करण्याआधी एकदा वळून बघा, मागच्याच्या हातात गरम चहा असू शकतो. हळूहळू मागे करा. दिवे मंदावले की सगळेच मागे करतात आणि सगळ्यांना सारखीच जागा उरते.

सकाळचा सूर्य कुठल्या बाजूने येईल?

विमान उत्तरेकडे जात असेल तर उजवीकडून, दक्षिणेकडे जात असेल तर डावीकडून. पूर्वेकडे जाताना रात्र आखूड होते आणि उजाडतं लवकर, पश्चिमेकडे जाताना रात्र लांबते. न्यूयॉर्कहून लंडनला रात्री निघालं तर उड्डाण साडेसहा-सात तासांचंच असतं. सुरुवातीचं जेवण आणि शेवटचा नाश्ता वजा केला की झोपायला चार तासही उरत नाहीत. अशा उड्डाणाला विमानतळावरच जेवून घ्यावं आणि सीटवर बसल्याबरोबर झोपावं.

हवी ती सीट नाहीच मिळाली. आता काय करता येईल?

बरंच काही. आइलकडच्या आर्मरेस्टखाली, बिजागरीजवळ, बऱ्याच सीटना एक छोटं बटण किंवा खाच असते. ती दाबली की तोही आर्मरेस्ट वर होतो आणि कंबरेला जागा मिळते. टेक-ऑफ, लँडिंगला आणि ट्रॉली येताना तो खाली हवा. डोक्याजवळच्या उशीचे दोन्ही कान आत वळतात का बघा, मान कलंडायची थांबते. पट्टा ब्लँकेटच्या वरून बांधा, म्हणजे विमान हादरल्यावर पट्टा तपासायला क्रू तुम्हाला उठवणार नाही. आणि बसल्यावर दोन्ही शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलून घ्या: “मी झोपणार आहे, पण उठायचं असेल तर खुशाल उठवा.” ते झोपणार आहेत का, नाश्त्याला उठवायचं का, हेही विचारा. मधल्या सीटवर असलेल्याला दोन्ही आर्मरेस्ट द्यावेत. त्याला ना भिंत मिळते, ना वाट.